सेशन चालू आहेत, पण घर पुढे सरकत नाही

प्रश्न : आम्ही सोलापुरात अशोक चौक भागात राहतो. यजमानांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, छोटाच. घरात सासूबाई, आम्ही दोघं, वीस वर्षांचा मुलगा आणि दहावीतली मुलगी. घरात तेलुगू बोलतो. मुलाने इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. दुपारपर्यंत झोपतो, कारखान्यात यायला तयार नाही, मित्रही तुटले. बाप-लेकाचं रोज वाजायचं, एकदा हातापायीवर आलं. म्हणून दिवाळीनंतर फॅमिली कौन्सेलिंग सुरू केलं. महिन्यातून दोनदा जातो. पहिले तीन महिने खरंच फरक पडला. आरडाओरडा थांबला, दोघं एका पंगतीला जेवायला लागले. त्यानंतर मात्र पाच-सहा महिने सगळं जागच्या जागी आहे. मॅडम फार चांगल्या आहेत. मुलाला बोलतं करायचा प्रयत्न करतात, मग ह्यांना समजावतात. मुलगा ‘काही नाही’ म्हणतो. हे म्हणतात, ‘तिथे मी एकटाच आरोपी. फॉरेनचं खूळ आहे हे, पैसे वाया.’ ह्यांना कारखान्याचं टेन्शन असतंच. येताना सात रस्त्यापर्यंत गाडीत कुणी बोलत नाही, तिथून पुढे भांडण सुरू होतं आणि घरी मी दोघांच्या मध्ये पडते. सासूबाई एकदाच आल्या, परत येत नाहीत. मुलगी शहाणी आहे, तिचा काही त्रास नाही. आता बंद करावं, की पुण्याला दुसरं कुणी बघावं? मॅडमना सोडलं तर त्यांना वाईट वाटेल, हेही मनात येतं.

उत्तर :

ताई, बंद करू नका, आणि पुण्याला जायचंही इतक्यात ठरवू नका. पुढच्या भेटीला गेलात की मुलाचा किंवा यजमानांचा विषय निघण्याआधीच, सगळ्यांच्या देखत मॅडमना सांगा की आमचं हे काम अडकलंय. तुम्ही मला जे लिहिलंत ते ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना अजून सांगितलेलं नाही, असं पत्रावरून दिसतं.

एवढ्या भेटी झाल्या, त्यांना कळत असेलच, असं तुम्हाला वाटत असेल. तसं धरून चालू नका. अमेरिकेत युटा राज्यातल्या विद्यापीठात मायकेल लॅम्बर्ट हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थेरपिस्टना विचारलं होतं, तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी कुणाची अवस्था उपचार चालू असतानाच बिघडेल असं वाटतं? साडेपाचशे जणांपैकी त्यांनी तिघांची नावं घेतली. प्रत्यक्षात चाळीस जणांची बिघडली. ही माणसं अडाणी नव्हती, बेपर्वाही नव्हती. समोरच्याचं भलं व्हावं म्हणून धडपडणाऱ्याला आपलं काम थांबलेलं दिसणं अवघड असतं, एवढंच. त्याच लोकांना हेही आढळलं की प्रगती होत नाही ही खबर थेरपिस्टपर्यंत वेळेवर पोचली, तर अडकलेल्यांपैकी बरेच जण पुन्हा मार्गी लागतात. म्हणून हे सांगण्यात कृतघ्नपणा नाही. उपचारातलं तुमच्या वाट्याचं ते काम आहे.

पहिल्या तीन महिन्यांतला फरक खोटा नव्हता. परक्या माणसासमोर, एकेकाने बोलायचं असा नियम घालून बसलं की आवाज खाली येतात. तुमच्या घराला तेव्हा तेच हवं होतं आणि मॅडमनी ते करून दिलं. पण भांडण थांबवायची रीत आणि ठरत नसलेली गोष्ट ठरवायची रीत, या दोन वेगळ्या आहेत. पहिलीने तुम्हाला जिथवर आणायचं तिथवर आणलं. पुढे तीच चालू ठेवली म्हणून जास्त फळ मिळणार नाही.

तुमच्या पत्रातल्या दोन ओळी मी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. मॅडम ‘मुलाला बोलतं करायचा प्रयत्न करतात, मग ह्यांना समजावतात’, आणि घरी ‘मी दोघांच्या मध्ये पडते’. ताई, हे एकच काम आहे. घरी तुम्ही करता तेच आता मॅडम तिथे करतात, फी घेऊन आणि जास्त शांतपणे. बाप आणि मुलगा दोघांनाही कळून चुकलंय की आपल्याला एकमेकांशी बोलायची गरज नाही, मध्ये कुणीतरी आहे. तुम्ही जितकं मुलाच्या बाजूने समजावता तितके हे कडक होतात, कारण त्यांना वाटतं, घरात शिस्तीचं नाव काढणारा मी एकटाच. ते जितके कडक होतात तितका तो खोलीत शिरतो, आणि तो आत शिरला की तुम्ही पुन्हा मध्ये पडता.

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या थेरपिस्टच्या एका गटाने हे फार नेमकेपणाने मांडलं. वात्झलाविक, वीकलँड आणि फिश ही त्यातली नावं, त्यांचं मुख्य लिखाण १९७४चं. त्यांचं म्हणणं असं की पुष्कळदा मूळ अडचण लहान असते आणि ती सोडवायला घर जो उपाय करत राहतं, त्या उपायावरच ती पोसली जाते. अशा वेळी तोच उपाय अधिक प्रेमाने, अधिक चिकाटीने करून भागत नाही. तो थांबवून वेगळं काही करावं लागतं. तुमच्या घरातला तो उपाय म्हणजे मध्यस्थी. ती तुम्ही मायेपोटी करता, यात मला शंका नाही. पण कौन्सेलिंगसुद्धा मध्यस्थीच करत राहिलं तर महिन्यातून दोनदा घरचंच दृश्य तिथे वठेल.

मग पद्धत बदलायची म्हणजे नेमकं काय? साल्वादोर मिनुशिन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ फिलाडेल्फियात गरीब, गांजलेल्या कुटुंबांबरोबर काम करायचे. ते सेशनमध्ये लोकांना चक्क उठवून जागा बदलायला लावत. आई बाप-लेकाच्या मध्ये बसली असेल तर तिला आपल्या शेजारी बोलवायचं आणि त्या दोघांना खुर्च्या समोरासमोर घेऊन एक छोटी गोष्ट तिथेच ठरवायला सांगायचं. ती मोठी गोष्ट नको, ‘पुढं काय करणार’ हा प्रश्न तर मुळीच नको. रात्री वायफाय किती वाजता बंद, गाडीची किल्ली कुणाकडे, एवढंच. ते अडखळतील, चिडतील, गप्प बसतील. तुमच्या जिभेवर वाक्य येईल आणि मॅडमनी तुम्हाला ते गिळायला लावायचं. त्या दहा मिनिटांत तुम्हाला किती त्रास होतो ते तुम्हालाच कळेल, आणि बहुधा पुढचं निम्मं काम तिथून निघेल. मॅडमना विचारा, आपण असं काही करून बघूया का.

दुसरा बदल, कोण कोण येतं यात. फॅमिली कौन्सेलिंग म्हणजे प्रत्येक वेळी अख्खं घर एका सोफ्यावर, असा काही नियम नाही. दोन भेटी फक्त तुम्ही नवरा-बायकोने करा. मुलाच्या बाबतीत तुम्हा दोघांचं काय ठरलंय हे तुम्हालाच नक्की माहीत नाही, असा माझा पत्रावरून अंदाज आहे. एखादी भेट मुलाची एकट्याची असू दे. सासूबाईंना मात्र परत न्या, यावर मी जोर देते. एकदा येऊन त्या परत का आल्या नाहीत, हे कुणी त्यांना विचारलं का? तुम्ही घरात तेलुगू बोलता आणि सेशन मराठीत होतात. सोलापुरात हे इतकं रोजचं आहे की कुणाच्या लक्षातही येत नाही. बाजारात, कारखान्यात, बँकेत मराठी सगळ्यांना येतं. पण रागावणं, लाड करणं, रुसणं घरच्या भाषेत होतं. मराठीत बोलताना यजमान मीटिंगला बसल्यासारखे बोलत असतील आणि मुलाला ‘काही नाही’ म्हणून सुटणं सोपं जात असेल. सासूबाईंना तर परक्यासमोर परक्या भाषेत बोलणं अवघडच वाटलं असेल. मॅडमना तेलुगू येत नसेल तरी हरकत नाही. बाप-लेकाने आपसात तेलुगूत बोलावं आणि काय बोलणं झालं ते मुलाने मॅडमना मराठीत सांगावं. बापाचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगावं लागलं की ते नीट ऐकावं लागतं.

भेटींमधलं अंतरही बदलता येतं. इटलीत मिलान शहरात मारा सेल्विनी पालाझोली या मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबांना साधारण महिन्यातून एकदाच भेटायची पद्धत ठेवली होती. दोन भेटींच्या मधल्या काळात घरात काहीतरी घडायला वाव मिळतो, हा त्यांचा अनुभव. भेट महिन्याने एकदा, आणि मधल्या दिवसांत करायचं एक ठरलेलं काम, असं सुचवून बघा. पैशाचा प्रश्नही थोडा हलका होईल.

आता यजमानांविषयी. त्यांची तक्रार तुम्ही अडथळा म्हणून लिहिली आहे. मला तीच सगळ्यात उपयोगाची माहिती वाटते. जो माणूस महिन्यातून दोनदा कारखाना सोडून, मनाविरुद्ध, आठ-नऊ महिने येतोय, त्याला बेपर्वा कसं म्हणायचं? तिथे फक्त त्याच्या रागावर बोलणं होतं, म्हणून त्याला आरोपी वाटतं. त्याला काय हवंय हे कधी मांडलं गेलं का? ‘ह्यांना कारखान्याचं टेन्शन असतंच’ असं एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात. मला वाटतं, घराचं खरं कुलूप तिथे आहे. सुताचे भाव, उधारी, कामगार मिळण्याची मारामार, आणि हे माग पुढे कोण चालवणार, ही काळजी ते रोज घेऊन घरी येत असतील. मुलगा झोपलेला दिसतो तेव्हा त्यांना तो आळशी पोरगा दिसतो की कारखान्याचा शेवट दिसतो? आणि मुलाला काय वाटतं? त्याला माग नको आहेत, की बापाच्या नजरेखाली काम नको आहे, की तिथेही नापास होईन अशी धास्ती आहे? या प्रश्नावर पाच-सहा महिन्यांत उघड बोलणं झालं नसेल, तर झोप, मोबाइल आणि उद्धटपणा यांवर कितीही सेशन झाले तरी ते कडेकडेनेच फिरणार. पुढच्या भेटीचा विषय यजमानांना ठरवू द्या. ‘कारखान्याचं पुढं काय’ हा विषय त्यांनी ठेवला, तर त्या खोलीत पहिल्यांदाच ते फिर्यादीही नसतील आणि आरोपीही. मालक म्हणून, बाप म्हणून बोलतील.

‘फॉरेनचं खूळ’ याचंही उत्तर त्यांना हवं असेल तर आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकातच रुग्णांच्या घरच्यांना आवारात तंबू टाकून राहायला बोलावलं होतं. घरच्यांना सोबत घेतलं तर माणूस लवकर सावरतो, असं त्यांनी दाखवून दिलं. मी वर जी परदेशी नावं घेतली ती रीत समजावी म्हणून. घराला घेऊन उपचार करण्याची वाट आपल्याकडेही जुनीच आहे.

एका गोष्टीसाठी मात्र पद्धत बदलण्याचीही वाट बघू नका. वीस वर्षांचा मुलगा दुपारपर्यंत झोपतो, शिक्षण सुटलं, मित्र तुटले, विचारलं तर ‘काही नाही’. यामागे डिप्रेशन असू शकतं. रात्रभर मोबाइलवर चाललेला जुगार असू शकतो. कॉलेजात काही घडलं असेल आणि ते आई-बापासमोर बोलता येत नसेल. थायरॉइड किंवा हिमोग्लोबिनसारखं साधं शारीरिक कारणही निघू शकतं. पत्रावरून यातलं काय आहे ते कुणीच सांगू नये, मीही सांगणार नाही. पण मानसोपचारतज्ज्ञाकडून त्याची एकट्याची तपासणी झालेली नसेल तर ती याच आठवड्यात करा. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, खासगी डॉक्टरही सोलापुरात आहेत. घरातलं बोलणं कितीही सुधारलं तरी डिप्रेशनवर वेगळा उपचार लागतोच, आणि तो न झाल्यामुळे चांगलं चाललेलं कौन्सेलिंग ठप्प होतं, असं बरेचदा घडतं. तो सज्ञान आहे. डॉक्टर त्याने सांगितलेलं सगळं तुम्हाला सांगणार नाहीत; २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याला तो गोपनीयतेचा हक्क दिला आहे. याचं वाईट वाटून घेऊ नका, उलट हे त्याला आधीच सांगा, म्हणजे जायला तयार होईल. नाहीच म्हणाला तर १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये टाकून द्या. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुम्हीही त्यावर फोन करू शकता. आणि जगण्यात अर्थ नाही, मी नसलो तर बरं, असं तो कधी बोलला तर पुढच्या सेशनची वाट न बघता त्याच दिवशी त्याला दवाखान्यात घेऊन जा, एकटं सोडू नका.

हातापायीबद्दल तुम्ही अर्ध्या ओळीत लिहिलंत. ते एकदाच झालं आणि संपलं, की अजूनही सेशनमध्ये बोलताना कुणी कुणाच्या चेहऱ्याकडे बघून शब्द मागे घेतं? तुम्ही स्वतः घेता का? घरी गेल्यावर काय होईल या भीतीने माणूस बोलत असेल तर सगळ्यांना एकत्र बसवून होणारं कौन्सेलिंग त्याच्यासाठी सुरक्षित नाही. मग आधी प्रत्येकाशी वेगळं बोललं पाहिजे. हे मॅडमना फोनवर, एकट्याने सांगा. आणि पुन्हा हात उठला तर ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर आहे, तुमच्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

मॅडमशी बोलायचं कसं, यात तुमचं मन अडतंय. असं बोला : ‘मॅडम, पहिल्या तीन महिन्यांत तुमच्यामुळे घरात शांतता आली, ते आम्ही विसरणार नाही. पण त्यानंतर आम्ही अडकलोय असं मला वाटतं. तुम्हालाही तसं वाटतं का? आपण इथे आता नेमकं काय मिळवायला येतोय, ते एकदा ठरवूया का? आणि वेगळ्या पद्धतीने काही करता येईल का?’ यजमानांना आधी घरी सांगून ठेवा की तुम्ही हे बोलणार आहात. सगळे मिळून आपल्यालाच घेरणार नाहीत, हे त्यांना कळलेलं बरं.

चांगली थेरपिस्ट हे ऐकून थोडी थांबेल, कदाचित तिलाही हायसं वाटेल. ‘मलाही तसं जाणवत होतं’ म्हणेल किंवा ‘मला दिसलं नव्हतं, सांगा’ म्हणेल. आपल्याहून अनुभवी व्यक्तीशी या केसबद्दल चर्चा करते, असंही सांगेल. या व्यवसायात ती नेहमीची आणि चांगली रीत आहे. मग चार भेटींची मुदत ठरवा आणि त्या मुदतीत काय दिसलं म्हणजे पुढे सरकलो असं मानायचं, ते आधीच कागदावर लिहा. ‘नातं सुधारावं’ असलं काही लिहू नका. मुलाने आठवड्यातून तीन दिवस दहाच्या आत उठणं, यजमानांनी रात्रीच्या जेवणात कारखान्याचा विषय न काढणं, तुम्ही आठवडाभरात एकदाही एकाचा निरोप दुसऱ्याला न पोचवणं, असं काहीतरी, जे घडलं की नाही ते कुणालाही सांगता येईल.

तुमच्या बोलण्यावर मॅडम दुखावल्या, ‘तुम्हीच प्रयत्न करत नाही’ म्हणाल्या, किंवा गोड बोलून पुन्हा तेच सुरू केलं, तर दुसरं कुणी बघा. चार भेटींनी काहीच हललं नाही तरीही बघा. जाताना एक निरोपाची भेट घ्या आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं याचा छोटा सारांश लिहून मागा, म्हणजे नवीन ठिकाणी पहिल्यापासून सगळं उगाळावं लागणार नाही. एकाच वेळी दोघांकडे जाऊ नका. नवीन व्यक्तीला दोन प्रश्न विचारा : कुटुंबांबरोबर काम करण्याचं वेगळं शिक्षण घेतलंय का, आणि घर अडकलं तर तुम्ही काय करता? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी हवी. पुण्याला जायची गरज मला दिसत नाही. चौघा-पाच जणांनी सकाळची गाडी पकडून जाणं, एक दिवसाचा कारखाना बंद, दहावीतल्या मुलीचा बुडालेला वर्ग, हे दोन महिन्यांत बंद पडेल. लांबचंच कुणी हवं असेल तर व्हिडिओवर भेटी होतात.

मॅडमना वाईट वाटेल का? थोडं वाटेल. ते त्या पेलतील, तो त्यांच्या कामाचाच भाग आहे. त्यांचं मन सांभाळायला घर घेऊन बसणं मात्र तुमचं काम नाही, घरात ते तुम्ही आधीच फार करताय.

राहिली तुमची मुलगी. ‘शहाणी आहे, तिचा काही त्रास नाही’ यापलीकडे पत्रात तिच्याबद्दल काही नाही. ज्या घरात रोज वाजत होतं तिथे कुणालाही त्रास न देणाऱ्या मुलीची मला काळजी वाटते. मिलानच्या त्या गटाची प्रश्न विचारण्याची एक खास रीत होती : दोघांमधल्या भांडणाविषयी तिसऱ्याला विचारायचं. बाबा चिडले की आधी कोण उठून जातं? आई मध्ये पडली नाही तर काय होईल असं तुला वाटतं? घरातलं सगळ्यात गप्प मूल यांची उत्तरं बहुतेक वेळा बरोबर देतं. मॅडमना सांगून तिला एका भेटीला न्या, परीक्षेचे दिवस सोडून. मात्र आधी तिला विचारा यायचंय का, आणि तिथे ती जे बोलेल त्याबद्दल घरी येताना गाडीत कुणीही तिला काही विचारणार नाही, असा शब्द यजमानांकडून आणि मुलाकडून घेऊन ठेवा.